नांगर ओढणारा खांब

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस लावले. विषय जहाजाच्या डेकवरच्या लाकडी खांबाचा होता. त्याला कॅपस्टन म्हणतात. खलाशी त्याला आडवे दांडे लावून गोल गोल फिरवत आणि त्या जोरावर तळाशी रुतलेला नांगर वर येई. अडचण एवढीच की खांब फिरला की दोराचे वेढे दर फेऱ्याला दोराच्या जाडीएवढे खाली घसरत. खांबाचा तळ आला की सगळ्यांनी थांबायचे, ताणलेला दोर बांधून धरायचा, वेढे ढिले करून वर सरकवायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. ही कटकट थांबवणारा कॅपस्टन कोण सुचवतो, असा अकादमीचा सवाल होता.

१७४१ साली बक्षीस मिळवणाऱ्यांत गणितज्ञ धाकटे योहान बर्नुली होते आणि पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनीही होते. पुढे रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला तडे गेले, तेव्हा ज्यांना तपासायला बोलावले तेच हे पोलेनी. युरोपातली इतकी तल्लख डोकी कामाला लागली, तरी जहाजांवर टिकला तो साधाच उपाय: खांब मधे बारीक आणि खाली रुंद करायचा, म्हणजे खाली आलेला वेढा उतारावरून आपणच वर सरकतो. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या कॅपस्टनची कंबरही म्हणूनच बारीक असते.

हा खांब दोर साठवून ठेवत नाही. विंचेच्या ड्रमवर दोर थरावर थर गुंडाळला जातो. कॅपस्टनवर मात्र कायम दोन-तीन वेढेच असतात: एका बाजूने दोर येतो, दुसऱ्या बाजूने सुटतो आणि सुटणारे टोक एक माणूस हातात धरून असतो. त्या माणसाने फार जोर लावायचा नसतो. दोर आणि खांब यांच्यातले घर्षण त्याच्यासाठी काम करते, आणि ते वेढ्यांगणिक बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरने आणि नंतर योहान आयटेलवाइनने याचे सूत्र मांडले. घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर एका वेढ्याला हातातली ओढ सुमारे पावणेपाचपट होते, दोन वेढ्यांना २३ पट आणि तीन वेढ्यांना १११ पट. म्हणजे टोकाला दहा किलोची ओढ ठेवणारा माणूस पलीकडे टनाहून जास्त भार धरू शकतो. हात सैल सोडला की वेढे घसरतात आणि फिरता खांब रिकामा फिरत राहतो. यंत्र चालू ठेवूनही ओढ कमी-जास्त करता येते ती याच खुबीमुळे. मात्र एक वेढा दुसऱ्यावर चढला की दोर आवळून बसतो आणि टोक सोडून काही उपयोग होत नाही. त्या क्षणी बोटे ड्रमजवळ असली तर ती गेलीच म्हणायची.

उभ्या आसाचे हे यंत्र समुद्रापेक्षा जमिनीवर जुने आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुविशारद विट्रूव्हियस आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात, यंत्रांच्या प्रकरणांत, त्याचा उल्लेख करतो. सर्वांत गाजलेला प्रयोग १५८६चा. पोप पाचव्या सिक्स्टसच्या आज्ञेवरून दोमेनिको फोंतानाने तीनशे टनांहून जड असा इजिप्शियन ओबेलिस्क व्हॅटिकनच्या चौकात हलवला. सुमारे चाळीस कॅपस्टन, शेकडो माणसे आणि कित्येक घोडे एकाच इशाऱ्यावर चालत होते. आख्यायिका अशी की काम चालू असताना जो बोलेल त्याला देहदंड, अशी दवंडी होती. दोर तापून तुटायला आले तेव्हा गर्दीतल्या एका खलाशाने शिक्षेची पर्वा न करता ‘दोरांवर पाणी टाका’ असे ओरडून सांगितले. गोष्ट खरी असो-नसो, सांगणाऱ्याने ती खलाशाच्या तोंडी घातली हे बरोबर केले. दोर घर्षणाने कसा तापतो, हे त्याच्याएवढे कोणाला ठाऊक असणार?

आपल्याकडे केरळच्या बेपूरमधले मापिळ्ळा खलाशी अजून ‘दवर’ नावाच्या लाकडी कॅपस्टनवर भलीमोठी उरू जहाजे पाण्यात लोटतात. जुलै १९८८मध्ये पेरुमण इथे आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढायला हेच खलाशी आपले दोर आणि कप्प्या घेऊन गेले होते.

जहाजांवर कॅपस्टन रुळला तो सोळाव्या शतकात. नांगर उचलायला कॅपस्टन ही आपल्या काळातली नवी सोय, असे इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले नोंदवून ठेवतो. सुरुवातीला दांडे खांबातून आरपार जात, त्यामुळे ते वेगवेगळ्या उंचीवर येत. कोणी छातीने ढकलायचे तर कोणी वाकून. सतराव्या शतकाच्या शेवटी खांबाच्या डोक्यावर खाचांची जाड चकती बसली. याचे श्रेय सॅम्युएल मॉरलंड या इंग्रज यंत्रज्ञाला देतात. आता सगळे दांडे एकाच उंचीवर लागले आणि माणसांची संख्या वाढवता आली. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चा मोठा नांगर सुमारे चार टनांचा. तो उचलायला शंभराहून अधिक माणसे लागत आणि एकाच खांबाला दोन मजल्यांवर दांडे लावलेले असत.

एवढ्या जहाजाचा नांगरदोर मांडीएवढा जाड असे. तो कॅपस्टनभोवती वळवणेच अशक्य. म्हणून खांबाभोवती एक बारीक, टोकाला टोक जोडलेला फिरता दोर घालत आणि नांगरदोर त्याला छोट्या दोऱ्यांनी तात्पुरता बांधत. या दोऱ्या पकडून जहाजावरची पोरे दोराबरोबर चालत जात, कॅपस्टनजवळ पोचली की गाठ सोडत आणि पुन्हा नाळेकडे धावत. दोर चिखलाने लडबडलेला आणि कित्येकदा पाण्याने जड झालेला. इंग्रजी आरमारात या कामाला गाण्याची मुभा नव्हती, म्हणून फिडल वाजवणारा ताल धरी. व्यापारी जहाजांवर मात्र लोक गात.

मुंबईच्या वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. लाकडी जहाजावर हे सगळे किती अवघड जागेत चालत होते, ते तिच्या डेकवर उभे राहून कळते.

दांडा हातातून सुटला तर खांब उलटा फिरत सुटतो. दांडे उडून माणसे मरत, हाडे मोडत. त्याला आवर घालणारे लोखंडी खटके तळाशी बसवले गेले: खांब पुढे फिरला की टक्‌ टक्‌ वाजत मागची वाट बंद करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमारातल्या सॅम्युएल ब्राउनने साखळदंडाचा आग्रह धरला आणि १८०८ साली पेटंट घेतले. साखळी आली तशी दोराला बांधण्याची कसरत हळूहळू संपली. कॅपस्टनच्या तळाशी साखळीच्या कड्या बसतील अशा खोबणींचे चाक आले. आज बोटीसाठी यंत्र घेताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: साखळी आठ मिलिमीटरची आणि चाक दुसऱ्याच मापाचे असले, की भार आल्यावर कडी खोबणीतून उडते आणि साखळी खडखडत समुद्रात जाते.

वाफ आली तेव्हा या खांबाचे खरे कूळ बदलले. मला तरी यातला सर्वांत देखणा प्रकार एका मासेमारी बंदराजवळच्या गावातला वाटतो. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या बेकल्स इथे इलियट अँड गॅरूड कंपनीने १८८४ साली एक वाफेचा कॅपस्टन काढला. त्याचे इंजिन बाजूला नव्हते, खांबाच्या माथ्यावरच बसवलेले होते आणि वाफ खालून, मधल्या पोकळ दांड्यातून वर चढत होती. जागा कमी, डेकवर अडथळा नाही. हेरिंग पकडणाऱ्या बोटी मैल-दोन मैल लांबीची जाळी समुद्रात सोडत. रात्रभर ती प्रवाहाबरोबर वाहत आणि पहाटे सगळी हातांनी खेचावी लागत. खराब हवेत त्यालाच तासन्‌तास जात. आता कॅपस्टन दोर ओढू लागला, खालच्या कोठीत वयाने सर्वांत लहान पोरगा तो वेटोळी घालून ठेवू लागला, आणि बाकीच्यांचे हात जाळ्यातून मासे झाडायला मोकळे झाले.

गंमत अशी की या बोटींवर वाफ पहिल्यांदा आली ती बोट हाकायला नव्हे, जाळे ओढायला. शिडाच्याच बोटींवर छोटे बॉयलर बसले. स्कॉटलंडमध्ये १८७९ पासून बांधल्या जाणाऱ्या ‘झुलू’ जातीच्या बोटी कॅपस्टनच्या बळावर लांब होत गेल्या, कारण अवजड शीड उभारायला आता माणसांच्या जोरावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. लोस्टॉफ्टला ‘कन्सोलेशन’ ही वाफेवर चालणारी पहिली ड्रिफ्टर (अशी वाहती जाळी सोडणारी) बोट बांधली गेली ती १८९७ साली, म्हणजे कॅपस्टननंतर तेरा वर्षांनी.

पुढचे वळण डिझेलने आणले. १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलांडिया’ पहिल्या सफरीला निघाले. डिझेलवर लांब पल्ल्याचा प्रवास करणारे हे पहिल्या मोठ्या जहाजांपैकी एक. इंजिन डिझेलचे, त्यामुळे बॉयलर नाही आणि बॉयलर नाही म्हणून डेकवर पाठवायला वाफही नाही. मग डेकवरची यंत्रे विजेवर चालवावी लागली. जहाजांत विजेचे दिवे १८८० पासून होते, पण वजन उचलायला वीज हवी तर मोठा डायनामो हवा, आणि तो ठेवण्याचे कारण डिझेलने दिले.

खांबाचे नाव वाटेत कुठे कुठे पोचले! आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केलेल्यांना कॅपस्टन लेथ आठवतो. हाताच्या फिरकीवर दांड्यांसारखे आरे असल्याने ते नाव पडले. कॅसेटच्या टेपला सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या बेताने ओढणारा बारीक दांडाही कॅपस्टनच.

आता पंधरा-वीस फुटांपासून चाळीस फुटांपर्यंतच्या बोटीवर येऊ. इथे सारा जोर एका बारा व्होल्टच्या बॅटरीतून यायचा आहे आणि अवघड गणित तिथेच दडले आहे. घरातली हजार वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर पाच अँपिअरही घेत नाही. तेवढ्याच ताकदीची मोटार बारा व्होल्टवर ८० अँपिअरच्या वर जाते आणि नांगर चिखलात रुतला असेल तर त्याहूनही जास्त. बॅटरी बोटीच्या मागच्या बाजूला, कॅपस्टन पुढे नाळेवर. मधले अंतर दहा मीटर धरले तर जाण्या-येण्याची वायर वीस मीटर होते. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर १०० अँपिअरला साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटारीपर्यंत साडेआठच पोचतात, ती कण्हते, मंदावते, तापते. हीच वायर ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती एका व्होल्टवर येते. बोटी मोठ्या असल्या की २४ व्होल्टची व्यवस्था करतात ती प्रवाह निम्मा व्हावा म्हणून. कोणी नाळेत वेगळी बॅटरी ठेवतात, पण पुढे वजन वाढले की बोट लाटेत डोके खुपसते. त्यापेक्षा जाड वायर बरी.

वायर कथिल लावलेल्या तांब्याची हवी, कारण खाऱ्या हवेत साधे तांबे लगाच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या जोडणीच्या, आत काळे पडते. लग हातोडीने ठोकू नयेत, नीट दाबयंत्राने क्रिंप करावेत. ब्रेकर बॅटरीपासून हातभर अंतरावरच असावा, कारण मधली वायर कुठे घासून उघडी पडली तर तिच्यात शेकडो अँपिअर धावतील आणि आग तिथून सुरू होईल. पायाने दाबायचे बटण शंभर अँपिअर सोसत नाही. त्यातून फक्त बारीक प्रवाह जातो आणि तो कोरड्या जागेतल्या रिलेला जागा करतो. रिले मोटारीला जोडतो आणि उलट दिशेचीही सोय तोच करतो. डेकवर दिसतो तो फक्त ड्रम. मोटार आणि गिअरबॉक्स डेकखाली लटकतात.

डेकला भोक पाडणे हाच यातला सर्वांत नाजूक भाग. फायबरच्या बोटीच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे हलके लाकूड किंवा फोम भरलेला असतो. भोक तसेच ठेवून वर सीलंटची रेघ ओढली, तर वर्षा-दोन वर्षांत पाणी आत शिरते आणि लाकूड कुजते. म्हणून भोकाच्या कडेचा गाभा खरवडून तिथे इपॉक्सी भरावा लागतो. खाली जाड प्लेट लावून भार पसरवतात. आणि नांगरावर उभ्या बोटीचा भार कॅपस्टनवर ठेवायचा नाही, साखळीला वेगळी अडकवण हवी. बोट पुढे ओढण्यासाठीही कॅपस्टन नाही. इंजिन सुरू करावे, बोट हळूहळू नांगराकडे न्यावी आणि यंत्राला फक्त साखळी गोळा करू द्यावी. इंजिन चालू असले की अल्टरनेटरचाही हात लागतो.

एवढे करूनही बॅटरी मेली तर काय? बऱ्याच बनावटींच्या खोक्यात एक दांडा येतो आणि तो ड्रमच्या माथ्यावर बसवून साखळी हाताने चढवता येते. नवा कॅपस्टन बसवाल तेव्हा तो दांडा खोक्यासह माळ्यावर टाकू नका. बोटीवरच एका ठरलेल्या जागी ठेवा आणि ती जागा बोटीवरच्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.