चौलची खाडी आणि दहा हजार मुसलमान

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक जण थेट अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील स्वारीपाशी जातात. म्हणजे तेराव्या शतकाची अखेर, घोडे, तलवारी आणि लूट. चहाच्या टपरीवरच्या वादातही सुरुवात इथूनच होते. पण या भूमीत मुसलमान त्याच्या जवळपास पावणेचारशे वर्षं आधी राहत होते. ते समुद्रामार्गे आले होते, सोबत फौज नव्हती. हे समजून घ्यायचं असेल तर एकदा चौल-रेवदंड्याला जाऊन यावं.

मी मांजरसुंब्याचा. बालाघाटाच्या माथ्यावर, बीडकडे उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी असलेलं हे तिठ्याचं गाव. दिवसरात्र ट्रकची वर्दळ आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. इथून पाटोदा, नगर, पुणे करत कोकणात उतरलं की डोळ्यांना आधी हिरवाईची सवय करून घ्यावी लागते. अलिबागच्या दक्षिणेला चौल लागतं. रस्ता नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जातो आणि रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी खाडी समोर येते. पलीकडे कोर्लईचा डोंगर, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी. भूमध्य समुद्राकाठी अशा शांत खाड्यांभोवती जैतूनच्या बागा असतात. कुराणात ज्याची शपथ आहे, ते हे झाड. आपल्याकडे तो मान नारळाला. तेल, सावली, दोर, रोजीरोटी सगळं तोच देतो.

या शांत पाण्यावर एके काळी मोठी वर्दळ होती. अरब लेखक चौलला ‘सैमूर’ म्हणत. बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, स्वतः इथे आला होता. त्या वेळी इथे शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि त्याच्या वर राष्ट्रकूट सम्राट होते. तेच राष्ट्रकूट, ज्यांनी आमच्या मराठवाड्यात वेरूळचं कैलास लेणं कोरलं. मसूदी लिहितो की, सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन इथेच लग्न करून स्थायिक झालेले आहेत आणि इथल्याच मातीत जन्मलेलेही आहेत. इथे जन्मलेल्यांसाठी तो ‘बयासिरा’ असा वेगळा शब्द देतो.

त्याहून महत्त्वाची नोंद पुढे आहे. या मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. मसूदीच्या भेटीच्या वेळी त्या पदावर अबू सईद मारूफ बिन झकरिया होता. म्हणजे एका हिंदू राजाच्या राज्यात, दहाव्या शतकात, परदेशातून आलेल्या समाजाला आपला कायदा आणि आपला मुखिया ठेवण्याची मोकळीक होती. व्यापार विश्वासावर चालतो, हे शिलाहारांना ठाऊक होतं.

पुढे बहमनी काळात हेच बंदर घोड्यांच्या व्यापाराच्या वाटेवर होतं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात आपला घोडा घेऊन इथेच उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. बहमनी राज्य फुटल्यावर चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे आलं. बीडही त्याच निजामशाहीत होतं. म्हणजे आमचा बालाघाट आणि ही खाडी एकाच दरबाराच्या अमलाखाली होती.

मग पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी त्यांना याच पाण्यात हरवलं, पण ते हटले नाहीत. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला आणि महिनोन्‌महिने लढूनही शेवटी त्याला तह करावा लागला. या अपयशी शहाच्याच कारकिर्दीत सलाबतखानाने बीडजवळ खजाना बावडी बांधली. मांजरसुंब्याहून बीडला जाताना ती आजही पाहता येते. दुष्काळातही तिचं पाणी टिकतं, असं आमच्याकडची माणसं अभिमानाने सांगतात. वेढ्यावर झालेला खर्च वाया गेला. विहिरीवरचा खर्च चारशे वर्षांनंतरही शेतं भिजवतो आहे.

१७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांनी घेतला. नंतर मुंबई वाढत गेली, व्यापार तिकडे वळला आणि खाडी शांत झाली. आज पोर्तुगीज तटाच्या आत नारळाच्या वाड्या आहेत. चौलचा पडका हमामखाना झाडीत उभा आहे. समोरच्या कोर्लईत काही कुटुंबं अजून पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. रेवदंड्यात बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळही आहे.

“तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न माझं नाव ऐकल्यावर अनेकदा येतो. मांजरसुंबा हे उत्तर बहुतेकांना पुरत नाही. सैमूरच्या त्या दहा हजारांशी माझं रक्ताचं नातं आहे, असा दावा मला करायचा नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि त्याची गरजही नाही. मुद्दा एवढाच की, हा प्रश्न मसूदीलाही पडला होता आणि इथे जन्मलेल्यांसाठी त्याने वेगळा शब्द नोंदवून ठेवला. अकराशे वर्षांपूर्वीच इथले मुसलमान दोन प्रकारचे होते: आलेले आणि इथलेच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पहिल्यांचं पान आहे, दुसऱ्यांचं अजून लिहायचं आहे.