सदतीस वर्षांनी मिळालेली दाद

इ. स. १९७१ मध्ये इंग्लंडात 'कोमस' नावाच्या तरुण संचाची 'फर्स्ट अटरन्स' ही तबकडी निघाली. मिल्टनच्या १६३४ सालच्या नाट्यातला कोमस म्हणजे रानात वाट चुकलेल्या कुमारिकेला भूल घालणारा मांत्रिक. संचाने नाव घेतले ते त्याचेच. साज लोकगीतांचा — गिटार, व्हायोलिन, बासरी, ओबो. पण गाण्यांत खून, वेड आणि रानातला काळोख! वेष्टनावरची पिळवटलेली आकृतीही गायक रॉजर वूटनने साध्या बॉलपेनाने रेखाटलेली.

लोकसंगीतात गोडवा शोधणाऱ्या श्रोत्यांना हे सोसवेना. टीकाकारांनीही फारशी दाद दिली नाही. त्यातच टपाल कर्मचाऱ्यांचा सात आठवड्यांचा संप. तबकडी पडून राहिली, संच पांगला.

पुढे १९९८ साली स्वीडनच्या 'ओपेथ' या हेवी मेटल संचाने आपल्या तबकडीचे नाव कोमसच्या एका गीतातून उचलले. भीती हाही संगीताचा एक रस आहे, हे या संगीतावर वाढलेल्या पिढीला सांगावे लागत नव्हते. २००८ साली स्वीडनलगतच्या समुद्रात, जहाजावर भरलेल्या महोत्सवात जुने सवंगडी पुन्हा गायले. गाणी तीच होती. ऐकणारे मात्र आता आले होते.