योमु, योमिमास, योन्दे : जपानी क्रियारूपांच्या तक्त्यांचा इतिहास

जपानी क्रियापद पुरुष, लिंग आणि वचन यांना दाद देत नाही. ‘मी वाचतो’, ‘ती वाचते’ आणि ‘ते वाचतात’ या तिन्हींसाठी ‘योमु’ हे एकच रूप चालते. नकार, आदर, अट, आज्ञा, संकल्प आणि पुढे येणाऱ्या शब्दाशी असलेला संबंध यांनुसार मात्र त्याचा शेवट बदलतो, आणि हाच बदल घोटून घेण्यासाठी गेल्या चार शतकांत व्याकरणे, तक्ते आणि पाठ्यपुस्तके रचली गेली. तक्ता कोणत्या रूपापासून सुरू करायचा हे प्रत्येक रचनाकाराने समोरच्या विद्यार्थ्याची गरज पाहून ठरवले. कोणते क्रियापद नियमित आणि कोणते अपवाद, हेही बरेचसे त्या निवडीवरच अवलंबून राहिले.

युरोपीय पद्धतीचा पहिला प्रयत्न जेझुइट मिशनऱ्यांचा होता आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. जेझुइट मोहिमेचा पर्यवेक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो याने १५८२ मध्ये युरोपला धाडलेले चार जपानी तरुण परतीच्या प्रवासात गोव्याला थांबले होते. त्यांच्यापैकी हारा मार्टिनो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. ही मंडळी १५९० मध्ये जपानला पोहोचली, तेव्हा त्यांच्यासोबत छापखानाही होता. त्याच छापखान्यातून १५९४ मध्ये आमाकुसा येथे मानुएल आल्वारेसच्या लॅटिन व्याकरणाची एक आवृत्ती निघाली, जिच्यात लॅटिन क्रियारूपांशेजारी पोर्तुगीज आणि जपानी प्रतिरूपे दिली होती. लॅटिन साच्यात पुरुष आणि वचन यांची सहा घरे असतात. जपानीत ती सगळी एकाच रूपाने भरावी लागली, आणि साचा भाषेला बसत नसल्याचे त्यातूनच उघड झाले असावे. जुआंव रॉड्रिग्ज याने नागासाकी येथे १६०४ ते १६०८ या काळात छापलेल्या मोठ्या व्याकरणात क्रियापदांचे तीन वर्ग पाडले आणि वर्गीकरणासाठी ‘योमि’सारखे, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला किंवा प्रत्ययाला जोडताना वापरायचे, रूप पायाभूत धरले. ‘ए’ने संपणारी रूपे पहिल्या वर्गात आणि ‘इ’ने संपणारी दुसऱ्या वर्गात, असा त्याचा ढोबळ नियम होता. ‘पाहणे’ या अर्थाचे ‘मि’ मात्र ‘इ’ने संपत असूनही पहिल्या वर्गाप्रमाणे चालते, म्हणून तशी क्रियापदे निराळी नोंदवावी लागली. कबुलीजबाब ऐकणाऱ्या आणि प्रवचन देणाऱ्या पाद्र्याला समोरच्याचा दर्जा ओळखून बोलणे भाग होते, त्यामुळे आदरवाचक रूपांना या ग्रंथात भरपूर जागा मिळाली. थॉमस स्टीफन्सचे कोकणी व्याकरण, जे १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले, ते याच मिशनरी व्याकरण-परंपरेतले होय.

जपानी विद्वानांची वाट पूर्णपणे वेगळी होती, आणि तिचा उगम भारतीय वर्णमालेत आहे. बौद्ध भिक्षू मंत्रांच्या शुद्ध उच्चारासाठी सिद्धम् लिपी शिकत; त्या अभ्यासाच्या प्रभावातून आ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी असलेला ‘पन्नास ध्वनींचा’ तक्ता स्थिरावला. या तक्त्यातली ‘म’ची ओळ, मा-मि-मु-मे-मो, मराठी वाचकाला बाराखडीतून उचलल्यासारखी वाटेल. क्रियापदाचा शेवट या ओळीवरून वरखाली सरकतो हे ध्यानात आल्यावर रूपांचा पसारा एकदम आटोपशीर झाला. मात्सुसाका येथील मोतोओरि हारुनिवा (१७६३–१८२८) याने हे काम सर्वांत नेटकेपणे केले. विख्यात पंडित मोतोओरि नोरिनागा याचा हा मुलगा ऐन तिशीत अंध झाला. पुढे घरच्यांकडून वाचून व लिहून घेत त्याने जुन्या साहित्यातील उदाहरणे पडताळली आणि १८०८ मध्ये ‘कोतोबा नो याचिमाता’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओळीतील चार स्वरांवर फिरणारी, एकाच स्वरावर थांबणारी आणि दोन स्वरांवर फिरणारी क्रियापदे, शिवाय मोजकी अनियमित, असे वर्ग त्याने ठरवले. वाकासा प्रांतातील भिक्षू गिमोन (१७८६–१८४३) याने रूपांच्या सहा अवस्थांना जी नावे दिली, त्यांच्यावरूनच आजच्या शालेय व्याकरणातील नावे आली आहेत.

या पंडितांपुढे परदेशी विद्यार्थी नव्हता. प्राचीन काव्य अचूक वाचता यावे आणि त्याच भाषेत निर्दोष कविता रचता यावी, एवढ्यासाठीच हे तक्ते होते. हारुनिवाच्या काळात लोकांच्या बोलण्यातून दोन स्वरांचा वर्ग बहुतांशी लोपलेला असतानाही त्याच्या ग्रंथात तो ठळकपणे आहे, याचे नवल वाटू नये. आधुनिक भाषेतही तक्ता लेखनामागे फरफटत गेला. ‘वाचू या’ या अर्थाचे रूप ‘योमोओ’ असे उच्चारले जात असले, तरी जुन्या लेखनात ते ‘यो-मा-उ’ असेच लिहीत. म्हणून ‘योमु’ चार स्वरांचे क्रियापद ठरत असे. १९४६ च्या लेखनसुधारणेने ते ‘यो-मो-उ’ झाले आणि त्याच क्रियापदाला पाच स्वरांचे म्हणावे लागले, वास्तविक उच्चारात काहीही बदलले नव्हते.

परदेशी प्रौढांसाठी साहित्य रचण्याची निकड विसाव्या शतकात वाढली. टोकियोतील अमेरिकी दूतावासात शिकवणाऱ्या नागानुमा नाओए याची वाचनमाला दुसऱ्या महायुद्धात कोलोरॅडोतील बोल्डर येथे, अमेरिकी नौदलाच्या भाषाशाळेत, अभ्यासाचा कणा बनली. त्याच सुमारास बर्नार्ड ब्लॉक या भाषाशास्त्रज्ञाने बोलीतील रूपांचे विश्लेषण करून १९४६ मध्ये प्रसिद्ध केले; त्यात धातूंची विभागणी व्यंजनान्त आणि स्वरान्त अशी होती. जपानी काना लिपीत प्रत्येक चिन्ह अक्षराचे असल्यामुळे ‘योम्’ हा तुकडा वेगळा लिहिताच येत नाही. रोमन लिपीत तो सहज दिसतो, देवनागरीत तर हलन्ताने अधिकच स्वच्छ दिसतो. पंडितांना पायऱ्यांची उतरंड का लागली आणि परक्यांना दोन गटांत काम का भागले, याचे अर्धे उत्तर लिपीतच आहे.

आज पुण्यातील जपानी वर्गांत परिचित असलेले ‘मिन्ना नो निहोंगो’ हे १९९८ चे पुस्तक परदेशी तांत्रिक प्रशिक्षणार्थींसाठी रचलेल्या पाठ्यपुस्तकांच्या परंपरेतून आले. कारखान्यात पाऊल ठेवताच वरिष्ठांशी सभ्यपणे बोलता यावे हा तिथला हेतू, म्हणून सुरुवात ‘योमिमास’ या आदरार्थी रूपापासून होते आणि शब्दकोशात सापडणारे ‘योमु’ थेट १८ व्या पाठात भेटते. या क्रमाची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. ‘उठणे’ आणि ‘ठेवणे’ या दोन क्रियापदांचे आदरार्थी रूप कानाला ‘ओकिमास’ असे सारखेच लागते. पहिल्याचा नकार ‘ओकिनाई’, तर दुसऱ्याचा ‘ओकानाई’, आणि कोणते कोणत्या गटातले हे पाठच करावे लागते. रॉड्रिग्जला ‘मि’ने घातलेली अडचण हीच. कोशातील रूपापासून सुरुवात केली तर ‘ओकिरु’ आणि ‘ओकु’ आपोआप वेगळे होतात, पण तिथे दुसरा खड्डा आहे: ‘परतणे’ आणि ‘बदलणे’ ही दोन्ही ‘काएरु’ अशीच दिसतात, आणि त्यांची आदरार्थी रूपे अनुक्रमे ‘काएरिमास’ आणि ‘काएमास’ होतात.

याच पुस्तकात १४ व्या पाठात येणारे ‘ते’ रूप, म्हणजे ‘वाचून’ या अर्थाचे ‘योन्दे’ किंवा ‘लिहून’ या अर्थाचे ‘काइते’, गिमोनच्या सहा अवस्थांत स्वतंत्रपणे नाही. जपानी शालेय व्याकरण त्याला जोडरूपाला लागलेला ‘ते’ आणि सोबत झालेला ध्वनिबदल एवढ्यातच बसवते. परदेशी विद्यार्थ्याला मात्र विनंती, परवानगी, मनाई आणि चालू क्रिया या सर्वांसाठी तेच लागते, आणि त्याचे नियम परिचित चालींवर गाऊन पाठ करण्याची पद्धत अनेक देशांतील वर्गांत रूढ झाली आहे. शाळेत सहा अवस्था शिकून आलेल्या जपानी शिक्षकाला परक्यांना शिकवण्यापूर्वी क्रियापदांचे हे गट आणि ‘ते’ रूपाचे नियम नव्याने शिकून घ्यावे लागतात.