लोणार विवर : विज्ञानातील बदलत्या निष्कर्षांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर तीर्थक्षेत्र व पर्यटनस्थळ म्हणून सर्वपरिचित आहे. पिंपळगाव राजासारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने ते बहुधा शालेय सहलीत पाहिलेले असते आणि 'हे विवर उल्कापाताने सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी निर्माण झाले' हे वाक्य त्याला पाठ असते. या वाक्यापर्यंत विज्ञान कसे पोहोचले व ते आज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्पत्तीचा प्रश्न

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीजन्य असावे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. सभोवतालचा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला असल्याने हे मत स्वाभाविकही होते. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी लोणार व ॲरिझोनातील विवर यांतील साम्य दाखविले. मात्र ॲरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असाच त्यांचा निष्कर्ष होता. साम्य अचूक हेरले गेले, पण कारण चुकले.

निर्णायक पुरावा खडकाच्या अंतरंगात मिळाला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लोणार हे बेसाल्टमधील आघात-विवर असल्याचे प्रतिपादन केले. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पार खनिजाचे काचसदृश रूपांतर होऊन मॅस्केलिनाइट तयार होते; ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. चंद्र व मंगळावरील विवरेही बेसाल्टमध्ये असल्याने लोणारला जागतिक महत्त्व प्राप्त झाले.

वयाचा प्रश्न

१९९७ मध्ये सेनगुप्ता व सहकाऱ्यांनी तापदीप्ती पद्धतीने विवराचे वय ५२,००० वर्षे (± ६,०००) ठरविले. २०११ मध्ये जुर्दाँ व सहकाऱ्यांनी आघाताने वितळलेल्या खडकातील अरगॉन वायूच्या समस्थानिकांचे मापन करून ते ५,७०,००० वर्षे (± ४७,०००) असल्याचे दाखविले. पहिल्या पद्धतीत खनिजात साठलेली किरणोत्साराची ऊर्जा मोजली जाते. ती नंतरच्या काळात निसटल्यास वय कमी भरते. दुसरी पद्धत पोटॅशियमच्या क्षयातून साचणाऱ्या अरगॉनवर आधारित आहे. एकाच विवराचे वय अशा रीतीने जवळजवळ अकरा पट वाढले.

जीवसृष्टीचा प्रश्न

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचे आढळले. त्याच वर्षी लोणारचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. भूविज्ञानाचा विषय असलेले विवर अशा प्रकारे सूक्ष्मजीवशास्त्र व पर्यावरणशास्त्राचेही अभ्यासक्षेत्र ठरले.

निष्कर्ष

लोणारच्या इतिहासात नवे साधन आले, तसा जुना निष्कर्ष पुन्हा तपासला गेला. विद्यार्थ्याला केवळ आकडा शिकविल्यास, आकडा बदलताच त्याला विज्ञान अविश्वसनीय वाटू लागते. आकड्यासोबत तो काढण्याची पद्धत व तिची मर्यादा शिकविल्यास तोच बदल विज्ञानाच्या विश्वासार्हतेचा पुरावा ठरतो. म्हणून जिल्ह्यातील महाविद्यालयांनी '५० हजार वर्षे' हे उत्तर ग्राह्य धरण्यापूर्वी 'हे कशावरून?' हा प्रश्न वर्गात विचारणे अगत्याचे आहे.