सेकंडहँड बॉबकॅट, इंजिनातली टकटक आणि कॉम्प्रेशनची जुनी गोष्ट

ज्याला आपण सरसकट बॉबकॅट म्हणतो, तो स्किड लोडर मुळात कुक्कुटपालनवाल्यासाठीच बनला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं गाव आहे. तिथं सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ वेल्डिंगचं आणि दुरुस्तीचं दुकान चालवायचे. एडी वेलो नावाचा टर्की पाळणारा शेतकरी त्यांच्याकडं आला. त्याचं शेड दुमजली, मधे खांबच खांब. वरच्या मजल्यावरची विष्ठा काढायला ट्रॅक्टर चढवला तर तक्तपोशी खाली यायची, आणि वळवायला जागा नाही. केलर बंधूंनी त्याला तीन चाकांचं हलकं मशीन बनवून दिलं, फेब्रुवारी 1957 मध्ये. पुढं दोन चाकं ओढणारी, मागं एक फिरतं चाक. पुढच्या वर्षी मेलरो कंपनीनं ते मिनेसोटाच्या जत्रेत मांडलं, 1960 ला चार चाकांचं एम-400 आलं आणि 1962 ला बॉबकॅट हे नाव पडलं.

हे सांगायचं कारण, आता आपल्याकडं पोल्ट्रीवाले आणि मोठ्या गोठ्यावाले वापरलेले लोडर घ्यायला लागलेत. बघायला गेलं की इंजिन टकटक करत असतं. विकणारा म्हणतो, डिझेल आहे, आवाज येणारच. आपल्याबरोबर नेलेला मिस्त्री म्हणतो, क्रँक गेलाय, फुल इंजिन काम. दोघांच्या मधे आपले लाखभर रुपये लोंबकळतात.

त्यासाठी लोडरच्याही मागं जावं लागतं. रुडॉल्फ डिझेलनं 1893 ला पेटंट घेतलं ते एवढ्याच कल्पनेचं, की हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्यात तेल सोडलं की ठिणगीशिवाय पेटेल. म्हणजे पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन कमी झालं तर ताकद कमी होते, डिझेलमध्ये काडीपेटीच ओली होते. त्याच वर्षी 10 ऑगस्टला जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या इंजिनाची चाचणी होती. आत इंधन सोडल्याबरोबर असा दणका बसला की दाब मोजायचं यंत्रच फुटून उडालं. दाब गेला होता 80 वातावरणांच्या आसपास. डिझेल थोडक्यात वाचला. पण हवा दाबून तेल पेटतं, हे सिद्ध झालं. नीट चालणारं इंजिन व्हायला 1897 उजाडलं. त्याची कार्यक्षमता 26 टक्क्यांवर भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ते जमत नव्हतं.

आता टकटक कुठून आली? डिझेल आत फवारलं की लगेच पेटत नाही, मधे एक बारीक क्षण जातो. हवा पुरेशी तापलेली असेल तर तो क्षण छोटा. हवा थंड राहिली तर तो लांबतो, तेवढ्यात जास्त तेल साठतं आणि सगळं एकदम पेटतं. तो हातोडा मारल्यासारखा आवाज म्हणजे डिझेलचा नॉक. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोनं नॉकवर पुष्कळ काम केलं. त्याच्या घुसळणाऱ्या कोठडीच्या डिझाइनमुळं 1930 नंतर लहान, जोरात फिरणारी डिझेल इंजिनं सोपी झाली. बऱ्याच जुन्या लोडरमध्ये जी कुबोटा इंजिनं बसतात, त्यांतही तेल आधी छोट्या कोठडीतच पेटतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की टकटक आणि कमी कॉम्प्रेशन हे दोन वेगळे रोग धरून चालू नका. बरेचदा पहिला दुसऱ्याचंच लक्षण असतो. कॉम्प्रेशन गेलं की हवा तापत नाही, हवा तापली नाही की तेल उशिरा पेटतं आणि नॉक येतो. बेअरिंग चांगलं असतानाही.

आपल्या आधीच्या पिढीला हे हातानं कळायचं. लिस्टर, पीटर, किर्लोस्कर ही इंजिनं विहिरीवर हँडल मारून चालायची. व्हॉल्व्ह उचलायची कांडी वर करून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, मग कांडी सोडायची. हँडल हाताला घट्ट लागलं तर इंजिन दमदार. गुळगुळीत फिरलं तर म्हातारं म्हणायचं, ‘हवा सोडतंय.’ मीटर वगैरे काही नव्हतं. लोडरला हँडल नाही, म्हणून आता मीटर लागतो.

पण पेट्रोलच्या मोटारसायकलचा मीटर लावू नका. तो साधारण 20 किलोला संपतो, आणि छोट्या जपानी डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन 30 किलोच्या आसपास असतं. 1893 ला जे झालं त्याची छोटी आवृत्ती होईल. 24 च्या खाली आकडा आला किंवा सिलिंडर-सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर काम आहे असं समजा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. टेस्ट करताना बॅटरी भरलेली हवी आणि एअर फिल्टर साफ हवा, नाहीतर चांगलं इंजिनही आजारी दिसतं.

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्याचा लोडर असाच होता. सकाळी पांढरा धूर आणि टकटक, तापल्यावर आवाज निम्मा. एका मिस्त्रीनं क्रँक सांगितला होता. आम्ही इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला केला. तिसऱ्याला आवाज बदलला. (हे जुन्या साध्या पंपाच्या इंजिनालाच करायचं, कॉमन रेलला कधीच नाही. आणि हात लांब ठेवा, ती धार कातडीत घुसते.) मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असलं तरी त्या सिलिंडरचं तेल तोडल्यावर आवाज कमी होतो. म्हणून तापलेल्या इंजिनाचं ऑइल प्रेशर बघितलं, ते ठीक होतं. ऑइल फिल्टर कापला, आत तांबूस चकाकी नव्हती. मग मीटर लावला. 29, 28, 22, 29. तिसऱ्यात चार-पाच थेंब ऑइल टाकून परत मोजलं, आकडा हलला नाही. रिंगा गेल्या असत्या तर वाढला असता. जास्त ऑइल मात्र ओतायचं नाही, डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच नसते, रॉड वाकतो. हेड खोललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळालेली. काम हेडवर भागलं, क्रँकला हात लागला नाही.

सगळ्यांचं असं स्वस्तात सुटत नाही. लोडरचं इंजिन मागच्या बंद खोक्यात, दिवसभर फुल रेसवर, आणि स्वतःच उडवलेल्या धुळीत श्वास घेतं. वेलोच्या शेडमध्येही धूळ हीच असणार, पिसं आणि भुसा. फिल्टर फाटका राहिला की रिंगा आणि लायनर एका हंगामात झिजतात. रेडिएटर पिसांनी बुजला की तापून रिंगा चिकटतात. तेव्हा बघायला गेलात की आधी एअर फिल्टर काढून आतल्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर मीटर लावायच्या आधीच भाव पाडा. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे. आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत जा.