‘ली’ प्रत्ययाचे पूर्वचरित्र

इंग्रजी व्याकरणात नामाचा गुण सांगणाऱ्या विशेषणाला ‘ली’ हा प्रत्यय जोडला की क्रिया कशी घडली हे सांगणारे क्रियाविशेषण तयार होते, आणि त्या नियमानुसार ‘स्लो’चे ‘स्लोली’ व ‘हॅपी’चे ‘हॅपिली’ होते. परंतु ‘फास्ट’चे ‘फास्टली’ होत नाही, ‘हार्डली’चा अर्थ ‘क्वचितच’ असा भलतीकडे जातो आणि ‘फ्रेंडली’ तर ‘ली’ अंगावर वागवूनही विशेषणच राहतो. शालेय पुस्तकांत हे सारे शब्द अपवादांच्या यादीत टाकले जातात, वस्तुतः त्यांपैकी ‘फास्ट’ आणि ‘फ्रेंडली’ यांची परंपरा आजच्या नियमाहून जुनी आहे.

इसवी सन 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या, म्हणजे प्राचीन इंग्रजीत, क्रियाविशेषण घडवण्याचा सर्वसाधारण मार्ग विशेषणापुढे ‘ए’ हा ऱ्हस्व स्वर लावणे हा होता. ‘फॅस्त’ म्हणजे घट्ट, स्थिर. ‘फॅस्ते’ म्हणजे घट्टपणे. याच भाषेत ‘लीच’ या नामाचा अर्थ देह किंवा आकार असा होता, आणि तो शब्द दुसऱ्या शब्दाच्या शेवटी जोडून ‘त्याच्या रूपाचे, त्याच्यासारखे’ या अर्थाची विशेषणे बनत. ‘फ्रेओन्द’ म्हणजे मित्र, ‘फ्रेओन्दलीच’ म्हणजे मित्रासारखा आणि त्यावर नेहमीचा ‘ए’ चढवला की ‘फ्रेओन्दलीचे’, म्हणजे मित्रत्वाने. विशेषण व क्रियाविशेषण यांतला भेद त्या एका अंत्य स्वरावर तोललेला होता.

मध्ययुगीन इंग्रजीत शब्दान्तीचे निराघात स्वर झिजत जाऊन अखेर उच्चारातून नाहीसे झाले. परिणामी ‘फॅस्त’ व ‘फॅस्ते’ एकरूप झाले, म्हणून आजचा ‘फास्ट’ दोन्ही कामे करतो. ‘फ्रेओन्दलीच’ आणि ‘फ्रेओन्दलीचे’ यांचाही ‘फ्रेंडली’ हा एकच अवशेष उरला. भेद दाखवण्याची गरज मात्र संपली नव्हती, आणि ‘लीचे’ हा शेवट क्रियाविशेषणांत वारंवार कानी पडत असल्यामुळे भाषिकांनी तो सबंधच क्रियाविशेषणाचा प्रत्यय मानला. नॉर्स भाषेतील ‘लिगा’ या सजातीय प्रत्ययाचाही या बदलाला हातभार लागला असावा.

तरीही बिनप्रत्ययी रूपे शिष्ट लेखनात दीर्घकाळ नांदत होती. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात, विशेषण क्रियाविशेषणासारखे वापरणे अयोग्य ठरवताना ड्रायडन आणि स्विफ्ट यांच्यासारख्या नामवंतांनाही सोडले नाही. हा निर्णय भाषेच्या इतिहासापेक्षा लॅटिनच्या धाकाला अधिक मानणारा होता, असेच म्हणावे लागते. ‘मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते’ असे म्हणणाऱ्या मराठी भाषकाला तरी विशेषणाच्या रूपाने क्रियेचे वर्णन करण्यात काही वावगे वाटू नये.

‘लीच’ हा मूळ शब्द देह या अर्थाने आजच्या इंग्रजीत जवळजवळ लोपला आहे, परंतु इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवाराला असलेल्या, अंत्यविधीपूर्वी शव टेकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छपरी दरवाजाला अजूनही ‘लिच-गेट’ म्हणतात.