दुभाष्याचा हक्क : न्यायालयात आणि रुग्णालयात

कॅनडाच्या बहुसांस्कृतिकतेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा साहित्याच्या अंगाने. स्थलांतरितांचे लेखन, विस्थापनाची जाणीव हे विषय एम.ए.च्या वर्गात रुळले आहेत. त्या धोरणाचा आजारी माणसाशी काय संबंध येतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी ८ ऑक्टोबर १९७१ रोजी हे धोरण संसदेत जाहीर केले. १९८८ साली त्याचा कायदा झाला. कायद्याची भाषा उदार आहे. पण तो बांधील करतो केंद्राच्या संस्थांना, आणि रुग्णालये प्रांतांच्या अखत्यारीत येतात. आरोग्यसेवेसाठी प्रांतांना केंद्राचा पैसा ज्या अटींवर मिळतो, तो १९८४ चा आरोग्य कायदा भाषेविषयी मौन पाळतो. १९८२ च्या हक्कसनदेचे १४ वे कलम तर विलक्षणच म्हणावे लागेल : भाषा न समजणाऱ्या किंवा कर्णबधिर पक्षकाराला आणि साक्षीदाराला न्यायालयात दुभाषा मिळण्याचा हक्क आहे. रुग्णासाठी असे कलम नाही!

या विसंगतीचे फलित ब्रिटिश कोलंबियात दिसले. तेथे कर्णबधिर रुग्णांना खुणांच्या भाषेचे दुभाषे एक खासगी संस्था विनामूल्य पुरवीत असे. १९९० मध्ये पैशाअभावी ती सेवा बंद पडली. संपूर्ण प्रांताचा अंदाजे खर्च दीड लाख डॉलर, म्हणजे आरोग्याच्या अंदाजपत्रकाच्या सुमारे ०.००२५ टक्के. तरीही सरकारने नकार दिला. त्यामागे एक भीती अशीही होती, की आज यांना दिले तर उद्या भाषेची अडचण असलेले स्थलांतरित समाजही मागतील. कायदा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्यांच्या संस्कृतीचा गौरव करायचा, त्यांचीच संख्या इथे नकाराचे कारण झाली.

त्याच सुमारास एका कर्णबधिर स्त्रीला दिवस भरण्यापूर्वीच जुळी मुले झाली. दुभाषा नव्हता. एका बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचे परिचारिकेने हातवाऱ्यांनी कळवले. जन्मताच बाळांना दूर नेले, आणि ती ठीक आहेत एवढीच चिठ्ठी आईच्या हाती आली. हे सारे ‘एल्ड्रिज विरुद्ध ब्रिटिश कोलंबिया’ या खटल्याच्या निकालपत्रात नोंदलेले आहे; वाङ्मयाच्या अभ्यासकाने ते जरूर वाचावे.

खालच्या दोन्ही न्यायालयांत फिर्यादी हरले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्यांच्या बाजूने एकमुखी निर्णय दिला. न्या. ला फॉरे यांचे म्हणणे असे, की संवाद ही उपचाराला जोडलेली वेगळी सोय नाही, ती उपचाराचाच भाग आहे. मात्र हा निर्णय हक्कसनदेतील समतेच्या १५ व्या कलमावर उभा आहे, बहुसांस्कृतिकतेच्या कायद्यावर नव्हे. सरकारला व्यवस्था करण्यास सहा महिन्यांची मुदत मिळाली.

पंजाबी किंवा कँटोनीज बोलणाऱ्या रुग्णांचा प्रश्न त्या खटल्यात निकाली निघाला नाही. दुभाषा नसेल तेथे शाळकरी मुलीने डॉक्टरांचे शब्द आईला सांगायचे, तेही आईच्या गर्भाशयाविषयीचे. आणि ती काय गाळते, हे तपासणारे खोलीत कोणीच नसते.